कृतज्ञतेची डायरी दहाव्या दिवशी बंद पडली, मी कृतघ्न आहे का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहात, घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. कुठल्यातरी व्हिडिओत बघून १ डिसेंबरपासून रोज रात्री झोपताना पाच चांगल्या गोष्टी लिहायला घेतल्या, आणि दहाव्या दिवशी लक्षात आलं की रोज तेच लिहितोय, घर, मुलं, तब्येत, नोकरी, दोन वेळचं जेवण. मग डायरी बंद केली. आता रोज ती उशाशी दिसते आणि वाईट वाटतं. इकडे सगळ्यांच्या स्टेटसला सरत्या वर्षाचे आभार चाललेत आणि तुम्ही लिहिलंय की "सगळं आहे तरी आत काहीच वाटत नाही, फक्त थकल्यासारखं होतं, मी कृतघ्न आहे का?" आणि शेवटी जाता जाता विचारलंय की ३१ ला सोसायटीत कार्यक्रम आहे, जायची इच्छा नाही, जाऊ का नको.

मी नाशिकमध्येच १९ वर्षं समुपदेशन करतेय, आणि हा प्रश्न दर डिसेंबरला वेगवेगळ्या तोंडून ऐकते. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, तुम्ही कृतघ्न नाही आहात. कृतघ्न माणसाला हा प्रश्न पडत नाही. तुम्ही दमलेल्या आहात आणि दमलेल्या अवस्थेत धावता धावता तुम्ही स्वतःकडून एक भावना वसूल करायला बघताय, ती येत नाहीये म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, थकवा वेगळा आणि कृतज्ञता वेगळी, पण ते एकात एक अडकलेत म्हणून दोन्ही सुटत नाहीयेत.

आपला शब्दच बघा ना. कृतज्ञ, म्हणजे कृत जाणणारा, कोणीतरी केलेलं ज्याला माहीत आहे तो. त्यात कुठेही असं म्हटलेलं नाही की छाती भरून आली पाहिजे, डोळ्यात पाणी आलं पाहिजे. आपल्या जुन्या बायका म्हणायच्या, "त्याला केल्याची जाण आहे". जाण. म्हणजे दिसलं पाहिजे, लक्षात आलं पाहिजे. भावना त्याच्या मागून येते, कधी येते कधी येत नाही, ती आपल्या हातात नाही. दिसणं मात्र थोडंफार आपल्या हातात आहे, आणि दिसायचं तर आपला वेग कमी व्हावा लागतो. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, पुढे जे लिहितेय ते हे कसं जमवायचं याबद्दल.

आता तुमच्या डायरीचं काय झालं ते. आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमात शेवटी आभारप्रदर्शन असतं, अध्यक्षांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांची नावं ओळीने घेतली जातात. नावं सगळी खरी, आभारही खरे, पण ऐकत कोणी नसतं कारण ती यादी दरवेळी तीच असते. तुमची पाच गोष्टींची यादी तशी झाली. "तब्येत" हा शब्द दहा दिवस लिहिला की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. मन सवयीला पटकन सरावतं, नवीन फ्रीज जसा पंधरा दिवसांत जुना होतो तसंच चांगल्या गोष्टींच्या यादीचंही होतं.

आणि रोज लिहिलं पाहिजे हेही कुठे कोरून ठेवलेलं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ चा जो अभ्यास या विषयात सगळे सांगतात, त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे. काहींनी आभार वाटावे अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी, काहींनी नुसत्या घडामोडी, आणि पहिल्या गटाला आपलं आयुष्य बरं चाललंय असं जास्त वाटलं. नंतर सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी आठवड्यातून एकदा आणि तीनदा अशी तुलना करून बघितली तर एकदा लिहिणाऱ्यांनाच फायदा दिसला, तीनदावाल्यांना नाही. रोज लिहून ज्यांना छान वाटतं असे लोकही आहेत, मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी एक आठवडा रोज रात्री तीन गोष्टी लिहिल्या आणि त्यांना बरं वाटलं, पण त्यात प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं, आणि माझ्या अनुभवात सगळा फरक त्या "का"मध्येच आहे. "जेवण" लिहिलं तर पुढे काही नाही. "बुधवारी मला यायला साडेनऊ झाले तर सासूबाईंनी माझ्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, का, तर गार भाकरी मला चावत नाही हे त्यांना माहितीये" असं लिहिलं की त्यात माणूस दिसतो, त्याने केलेलं दिसतं, आणि त्याला आपल्याबद्दल काय ठाऊक आहे तेही दिसतं. (भाकरीचं मी कल्पनेने लिहिलंय, तुमच्या घरात वेगळं काहीतरी असेल.)

म्हणून पहिलं काम, डायरी रोजची बंदच ठेवा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आठवड्यातून एक दिवस, एकच गोष्ट, दोन-तीन ओळी, कोणी केलं, काय केलं, का केलं असेल. सासूबाई मार्गशीर्षातले गुरुवार करतात असं तुम्ही लिहिलंय, मग गुरुवारच धरा की. त्या संध्याकाळी घरात तसंही घट मांडलेला असतो, कहाणी वाचली जाते, नैवेद्य होईपर्यंत कोणी घाई करत नाही, घराचा वेग आपोआप उतरलेला असतो, वेगळा वेळ काढायला लागत नाही. तुमचा त्या व्रतावर विश्वास असो नसो, त्या दिव्यापाशी दहा मिनिटं बसायला काहीच हरकत नाही. मार्गशीर्ष संपला तरी गुरुवार तोच ठेवा.

आता वेगाबद्दल, कारण खरी गाठ इथे आहे. डिसेंबर म्हणजे निवांत व्हायचा, मागे वळून बघायचा महिना हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडे नाताळची सुट्टी असते. तुमच्याकडे काय असतं? २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, तिमाहीचं क्लोजिंग, आणि जीएसटीचं वार्षिक रिटर्न, ते ९ नंबरचं, त्याची नेहमीची मुदतच ३१ डिसेंबर. तुमचं वर्ष ३१ मार्चला संपतं! जगाचं वर्ष संपत असताना तुमची निम्मी धावपळ अजून बाकी असते, आणि त्यात तुम्ही स्वतःला विचारताय की मला शांत का वाटत नाही. कसं वाटेल?

माझ्याकडे निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार यायचे, त्यांनी मला हे शिकवलं. एका डिसेंबरला मी त्यांना सहज म्हटलं की वर्ष संपतंय, जरा थांबून बघा काय काय चांगलं झालं. ते म्हणाले, मॅडम, आमचं वर्ष माल गाडीत चढला की संपतं. ऑक्टोबर छाटणी झालेली, आता घड तयार होतायत, थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, बायका लागलेल्या, ढग आले की डावणी रोगाची भीती, थंडी वाढली की भुरी रोगाची आणि मणी तडकायची भीती, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे रोज पेपरात बघायचं आणि पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर ड्रिप सोडायचं. या माणसाला मी थांबा म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या कामाचा अपमान होता. मग आम्ही ठरवलं की वर्षाचा हिशोब एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या आधी. आणि डिसेंबरात फक्त एवढंच, शेकोटी पेटल्यावर तिच्यापाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, फोन खिशात. तीन आठवड्यांनी त्यांनी सांगितलं की त्यांचा सालदार रोज त्यांच्या आधी येऊन काटक्या कोरड्या जागी काढून ठेवतो, हे त्यांना सहा वर्षांत पहिल्यांदा दिसलं. शेकोटी तीच, माणूस तोच.

तुमचंही मोठं आवरणं, मागे वळून बघणं, जे काय असेल ते एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ठेवा, रजा मिळाली तर तेव्हाच घ्या. डिसेंबरात फक्त थांबायच्या दोन छोट्या जागा शोधायच्या. एक मी सुचवते, दुसरी तुम्ही शोधा. संध्याकाळी अंबडहून निघून पाथर्डी फाट्याच्या त्या गर्दीतून, जागोजागी खोदलेल्या रस्त्यांवरून तुम्ही घरी पोचता तेव्हा शरीर अजून गाडीवरच असतं. आपण स्कूटी लावतो, लिफ्टमध्ये फोन बघतो, दार उघडतं आणि मुलाने दप्तर मध्येच टाकलेलं दिसतं, आणि आपण त्याच्यावर ओरडतो. तर पार्किंगमध्ये स्कूटी बंद केल्यावर तीन मिनिटं तिथेच बसायचं. चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, दहा सेकंदाला एक, म्हणजे तीन मिनिटांत अठरा श्वास. श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून सोडायचा वेळ लांबवला की शरीराला कळतं की आता पळायचं नाहीये. मोजून गरगरायला लागलं तर मोजणं सोडून द्या, नुसतं बसा. वॉचमन काका बघतील, बघू देत.

या तीन मिनिटांत काहीही चांगलं आठवायचं नाही बरं का. नुसतं थांबायचं. मी हे मुद्दाम सांगते कारण लोक लगेच तिथेही आभार सुरू करतात. थांबणं आधी, दिसणं नंतर.

हे मला नीट कळलं ते नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. तुम्ही गेला असाल, नसाल तर थंडीत एकदा मुलांना घेऊन नक्की जा, गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते हेच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनोऱ्यावर चढले, पाणी बघितलं, म्हटलं इथे तर काहीच नाही, दोन-चार बगळे. बरोबरचा गावातला गाईड मुलगा म्हणाला, बसा जरा, दहा मिनिटं दुर्बीण पण लावू नका. बसले. मग पाण्यावरचे जे काळे ठिपके मला गवत वाटत होते ते हलायला लागले, मग कळलं ती बदकं आहेत, मग त्यातही वेगवेगळी दिसायला लागली, एक चपट्या चोचीचं, एक केशरी-तपकिरी रंगाचं. पक्षी आधीपासून तिथेच होते. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्यांना आधी लिहायला सांगणं मी सोडून दिलं, आधी बसायला सांगते.

घरातल्या माणसांचंही असंच असतं, फार जवळ असतात म्हणून दिसत नाहीत. त्यासाठी एक उपाय मी वापरते. असलेल्या गोष्टी मोजण्याऐवजी एखादी गोष्ट घडलीच नसती तर, असा विचार करायचा. मिंक्योंग कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे प्रयोग केले होते, त्यात आपला जोडीदार आपल्याला कसा भेटला हे लिहिण्यापेक्षा, तो भेटलाच नसता हे कसं कसं होऊ शकलं असतं, असं लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. तुम्ही कंपनीतल्या पहिल्या दिवसाचा विचार करून बघा, ज्या मैत्रिणीबरोबर तुम्ही डबा खाता ती त्या वर्षी दुसऱ्या डिपार्टमेंटला गेली असती तर? फक्त ज्यांना काळजी करायची सवय आहे त्यांना मी हे देत नाही, कारण त्यांचं मन लगेच कोणी मेलं तर काय इथपर्यंत जातं. तुम्हाला तसं होत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता बोलण्याचं. आपल्याकडे आईला, सासूला, नवऱ्याला कोणी थँक्यू म्हणत नाही, म्हटलं तर समोरचा विचारतो, काय झालं, बरं आहे ना? त्यामुळे ते परकं वाटतं आणि मग आपण काहीच बोलत नाही, वर्षानुवर्षं. मी म्हणते आभार मानूच नका, जे दिसलं ते सांगा. "आई, परवा भाकरी मऊ राहिली होती, तुम्ही फडक्यात ठेवली म्हणून." बस. एवढ्याने काम होतं, आणि ते आपल्या घरातल्या बोलण्यासारखंच वाटतं. अवघड वाटेल असं जेवढं आपल्याला वाटतं तेवढं ते समोरच्याला वाटत नाही, अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं, आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की वाचणारा अवघडून जाईल, प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला होता.

झोपतानाची गोष्ट राहिली. तुम्ही लिहिलंय की डायरी लिहूनही झोप लागत नाही, डोक्यात एंट्र्या फिरत असतात. याला कृतज्ञता हा उपाय नाही, उद्याच्या कामांची यादी हा आहे. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला, २०१८ मध्ये छापून आलेला छोटा प्रयोग आहे, झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढे करायची कामं लिहिली आणि काहींनी झालेली कामं. करायची कामं लिहिणारे साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जेवढी नेमकी तेवढी झोप लवकर. म्हणून तुमच्या उशाशी जी डायरी आहे तिच्यात रात्री "अमक्या पार्टीचं बिल मॅच होत नाही, सकाळी फोन करणे" असं लिहा आणि मिटवून ठेवा. चांगल्या गोष्टींना गुरुवारची संध्याकाळ आहे.

म्हणजे आत्तापर्यंत एवढंच झालं, रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये तीन मिनिटं, रात्री उद्याच्या कामांची यादी, गुरुवारी एक गोष्ट, आणि जमलं तर त्या माणसाला ती बोलून दाखवणं. बाकी सगळं एप्रिलमध्ये.

पण एक गोष्ट मला स्पष्ट सांगायचीये, कारण माझ्या हातून यात एकदा चूक झालीये. सुरुवातीच्या वर्षांत मीही येईल त्याला डायरी द्यायचे. एक ताई होत्या, सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, सगळं करणं यांच्या एकटीवर, दीर-नणंदा गावातच पण फिरकत नव्हते. मी त्यांना रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. त्यांनी महिनाभर इमानाने लिहिल्या आणि एक दिवस रडत म्हणाल्या, "मॅडम, एवढं चांगलं असूनसुद्धा मला राग येतो, म्हणजे मीच वाईट आहे." तो राग बरोबर होता. त्यांना डायरी नको होती, मदत हवी होती, आणि मी त्यांच्या रागावर झाकण ठेवायला सांगत होते. ते अजूनही मला लागतं. मग आम्ही डायरी बंद करून एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहिले आणि कुठला दिवस कोण घेऊ शकतं ते ठरवून एकेकाला फोन केले. रविवार दिराने घेतला. पुढे त्यांनी आपणहून, मी न विचारता, सांगितलं की शेजारच्या काकू रोज दुधाची पिशवी वर आणून देतात, खाली उतरायला लागू नये म्हणून.

तर तुम्हीही हा कागद एकदा करून बघा. पहाटेचा डबा, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, बिलं, किराणा, यातलं नवरा काय घेऊ शकतो, मुलं काय घेऊ शकतात. तुमच्या प्रश्नात नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे, "ते मदत करतात तसं", आणि त्या "तसं"पाशी मी जरा थांबले. मला घरातली परिस्थिती माहीत नाही म्हणून जास्त बोलत नाही, पण वाटणीचं बोलणं आणि केल्याची जाण या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी राहू शकतात.

आणि दुसरं. थकवा वेगळा आणि नैराश्य वेगळं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, आधी आवडायचं त्यातलं काहीच आवडेनासं झालं असेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असं वाटत असेल, तर ते कृतज्ञता कमी पडल्यामुळे नसतं आणि डायरीने जातही नाही, अशा उपायांचा नैराश्यावर होणारा परिणाम फार थोडा असतो. त्यासाठी डॉक्टर लागतात, मानसोपचारतज्ज्ञ. मरणाचे विचार येत असतील तर आजच्या आज कोणालातरी सांगा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन हेही एकदा तपासून घ्या, "आत काहीच वाटत नाही, फक्त थकवा" म्हणून आलेल्या कितीतरी बायकांना मी आधी रक्त तपासायला पाठवलंय आणि त्यातल्या काहींचं उत्तर तिथेच सापडलंय.

आता ३१ चं. त्या दिवशी तुमचं रिटर्न असेल, तुम्ही घरी कधी पोचाल हे तुम्हालाच माहीत नाही, मग आत्तापासून कशाला जीवाला घोर लावून घेताय. मुलांना आणि नवऱ्याला जाऊ द्या. तुम्ही पोचलात आणि अंगात त्राण असेल तर अर्धा तास खाली जाऊन या, नसेल तर सासूबाई तशाही वरच थांबणार असं तुम्हीच लिहिलंय, त्यांच्याबरोबर चहा घ्या. बाराला उठून शुभेच्छा द्यायलाच पाहिजेत असं काही नाही, दहाला झोपलात तरी चालेल. आणि २ तारखेला तो आठवड्याचा कागद काढा, पहिल्यांदा नवऱ्याला एकट्यालाच दाखवा, मुलांसमोर नको.